हरळीचा नायटा

दहा घमेली माती मी गुळाच्या काहिलीत घालून भाजली, आणि ज्या माणसाने ती जपली होती त्याला ते सांगितलं नाही. माझी चूक एवढ्या एका वाक्यात मावते. माती भाजली ती अज्ञानापोटी; त्याबद्दल मला कुणीही क्षमा केली असती. गप्प बसलो ते मात्र सगळं समजत असताना. त्या गप्प बसण्यामुळे एका म्हाताऱ्या माळ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, शेतकी शाळेत शिकलेला, दोन मुलांचा बाप होतो. वय लहान होतं असं म्हणायची सोय मला नाही.

पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. बारामतीहून इंदापूरच्या अंगाला जाताना, लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याला लागून एक मोठा मळा होता. ऊस, थोडी केळी, थोडा भाजीपाला, स्वतःचं गुऱ्हाळ. त्या मळ्यावर मी देखरेखीला होतो. मालक एकदा पुण्याला कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि तिथल्या बंगल्यापुढची हिरवळ बघून आले. आल्या आल्या त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि हात पसरून सांगितलं, "इथपासून तिथपर्यंत सगळं हिरवं पाहिजे. बसायला गादी लागू नये."

हिरवळ करायची म्हणजे आमच्याकडे हरळी लावायची. दुसरं कुठलं गवत या उन्हाला टिकत नाही. आणि हरळी म्हणजे इथल्या शेतकऱ्याची जन्माची वैरीण. उन्हाळ्यात माणसं लावून, कुदळीने हातभर खोल खणून तिची मुळी वेचायची, बांधावर वाळवायची, जाळायची. आणि आषाढात बघावं तर ती पुन्हा वर. गणपतीला वाहताना तिला दूर्वा म्हणून हात जोडायचे आणि रानात दिसली की शिव्या घालायच्या. तीच हरळी पैसे देऊन, पाणी देऊन वाढवायची ठरली तेव्हा आजूबाजूच्या गावांची चांगली करमणूक झाली.

हे काम मालकांनी तात्यांकडे दिलं. तात्या म्हणजे मळ्यावरचे माळी. साठीला आलेले, काटक, बोलायला सावकाश. त्यांच्या हाताला गुण आहे अशी पंचक्रोशीत ख्याती होती. उसाचं पहिलं बेणं, केळीचा पहिला कंद, नव्या विहिरीवरचं पहिलं झाड, लोक तात्यांना बोलावून त्यांच्या हाताने लावून घेत. त्यांनी लावलं की लागलं. कुणी विचारलं की ते म्हणत, "माझं काय न्हाय. ज्याला ज्या जागंत जगायचं आसतं, ते मला कळतं, एवढंच."

तात्या बांधाबांधांवरून हरळीची मुळी निवडत हिंडायला लागले तेव्हा एका गाडीवानाने रस्त्यातच बैल थांबवले.

"तात्या, हरळी पेरतायसा म्हणं! आमच्या रानात या की. गाडीभर फुकट देतो, वर जेवाय घालतो!"

"तुझ्या रानातली नगं बाबा," तात्या मुळी निवडता निवडता म्हणाले. "ती तुझ्यावानीच हाय. पाणी द्यावं तितकी पसरती, आन् कामाला येत न्हाय."

वर्षभरात हिरवळ झाली. पावसाळ्यानंतर तिच्यावर अनवाणी चालताना पाय उचलायला नको वाटत. तात्या बसून विळ्याने ती कापत, एकसारखी, ताटाच्या काठासारखी. मालक संध्याकाळी खुर्ची टाकून नुसते बघत बसत.

दुसऱ्या साली थंडी सरली आणि हरळीला नवी पालवी फुटायची वेळ आली, तेव्हा तिच्यात करडे ठिपके दिसले. आधी रुपयाएवढे, मग ताटाएवढे, मग सुपाएवढे. गोल गोल. तात्यांनी गुडघ्यावर बसून एका ठिपक्याच्या कडेची हरळी ओढली. ती सहज हातात आली. मुळं काळी पडली होती, भिजलेल्या सुतासारखी तुटत होती.

"नायटा झालाय," तात्या म्हणाले.

मला हसू आलं. पण नाव चुकीचं नव्हतं. माणसाच्या अंगावर नायटा जसा कडेने वाढत जातो, तसाच हा वाढत होता. ही बुरशी आहे, मुळांना लागते, एवढं मला शाळेतल्या शिक्षणावरून कळत होतं. मी मोरचूद आणि चुना घालून बघितला. पानं करपली, नायटा हलला नाही.

त्यापुढची गोष्ट तात्यांनी पाहिली. मी रोज तिथूनच जात होतो, पण मला दिसली नाही. तुळशीवृंदावनाजवळचा जो सगळ्यात पहिला नायटा होता, त्याच्या मधोमध त्याच सालच्या पावसाळ्यात हरळी परत आली. कडेला करडं वलय, आत हिरवं. आणि तिसऱ्या साली थंडी सरल्यावर बाकी सगळीकडे नवे ठिपके उठले, पण त्या जुन्या जागेला काही झालं नाही. तिथे हरळी इतर कुठल्याही जागेपेक्षा दाट होती.

तात्यांनी मला तिथे नेलं. खुरप्याने मूठभर माती काढली आणि माझ्या नाकाशी धरली.

"वास घ्या, सायब."

"मातीचा वास आहे."

"आता ही." त्यांनी दुसऱ्या हातात आजारी जागेतली माती धरली. तिला कुबट, ओल्या पोत्यासारखा वास होता. पहिलीला पाऊस पडून गेल्यावर येतो तसा, थोडा गोडसर.

"ही माती दुखणं भोगून बसलीय," तात्या म्हणाले. "हिला त्येचा उतारा गावलाय. ही जरा जरा दुसरीकडं टाकली तर? इरजण लावतो तसं?"

"तात्या, ज्या जागी रोग झाला तिथली माती सगळीकडे टाकायची? म्हणजे रोगच पेरायचा की."

"ताकात दुदाचं काय ऱ्हातं? पर ताक टाकल्याबगर दही लागतं व्हय?"

मी साहेबी हसलो. तात्यांनी माझ्या हसण्याची वाट पाहिली नाही. बंगल्यामागच्या तीन ठिपक्यांवर त्यांनी प्रयोग केला. आजारी जागा वरवर खरवडायची, त्या जुन्या जागेतली ओंजळभर माती कुजलेल्या शेणखतात कालवून पसरायची, वर ओलं पोतं टाकायचं आणि तीन दिवस ऊन लागू द्यायचं नाही. शेजारचे दोन ठिपके त्यांनी मुद्दाम तसेच सोडले. "काय टाकलं आन् काय न्हाय, ते कळाय पायजे," असं त्यांचं म्हणणं. प्रयोग कसा करावा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

महिन्याभरात तिन्ही ठिपके भरून आले. सोडलेले दोन वाढतच गेले. मी ते पाहिलं. माझ्या आत काहीतरी हललंही. पण कौतुकापेक्षा अस्वस्थताच जास्त होती. शिकलेल्या माणसाला जे कळलं नाही ते या माणसाला वासावरून कळलं, हे मला पचत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, योगायोग असेल.

पुढच्या साली मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, हिरवळीवर बसणार. वैशाखाचा मुहूर्त. आणि माघ संपता संपता बंगल्यापुढे, अगदी दर्शनी जागेत, पंचवीस-तीस ठिपके उठले. मालकांनी तात्यांना विचारलं, "जमेल?" तात्या म्हणाले, "जमंल."

त्यांनी तयारी मोठी केली. तुळशीजवळच्या जागेतली बरीचशी माती काढली, शेणखतात कालवली आणि गोठ्यामागे सावलीत ओल्या पोत्यांखाली दहा घमेली भरून ठेवली. रोज हात घालून बघत. आणि ती माती टाकायच्या आदल्या दिवशीच बारामतीहून निरोप आला की त्यांची लेक दवाखान्यात आहे, बाळंतपण अडलं आहे. तात्या धोतराचा सोगा खोचतच निघाले. जाता जाता माझ्यापाशी आले.

"सायब, उद्या सकाळच्या पारी एवढं टाकून घ्या. जास्त ठिवाय नगं. पोरं चुकत्याल, तुमी सवता हुबं ऱ्हावा."

"जा तुम्ही. मी बघतो."

मी बघतो, असं मी म्हणालो होतो.

इथे मला माझ्या मुलखाबद्दल थोडं सांगायला हवं. मी मूळचा मावळातला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून राब भाजतात. राब नीट भाजला नाही तर रोप तणात जातं, हे आमच्याकडे मूल बोलायला शिकतं तेव्हापासून ऐकतं. माझे वडील भाजलेली माती चिमटीत घेऊन म्हणत, "आता ही शुद्ध झाली." पुढे शेतकी शाळेत शिकलो की उष्णतेने मातीतले रोगजंतू मरतात. घरचं आणि शाळेतलं एकच निघालं म्हणजे ते खरंच असणार! देशावरच्या माणसाला मातीची काळजी वाटली तर तो तिला ऊन दाखवील किंवा पाणी देईल. ती भाजावी हे त्याच्या मनातही येणार नाही. ते माझ्याच मनात यायचं होतं. त्या रोगट जागेतली माती मालकांच्या दारात पसरायची जबाबदारी माझ्यावर आली होती, आणि मला वाटलं, निदान शुद्ध करून टाकू. तात्यांचं ऐकल्यासारखंही होईल आणि धोकाही राहणार नाही.

गुऱ्हाळ चालू होतं. दुपारी रसाचं एक आधण उतरल्यावर मी गुळव्याला एक जुनी काहील चुलवणावर चढवायला सांगितली आणि त्यात ती घमेली ओतायला लावली. गुळव्या, म्हणजे गूळ रांधणारा माणूस, तोंडाचा फटकळ.

"सायब, मातीचा गूळ पाडताय व्हय? मग ढेपंवर मालकाचं नाव घालू का तुमचं?"

"ढवळ तू. खाली लागू देऊ नको."

मातीतून वाफा निघाल्या. आधी तो गोडसर वास एकदम दाटून आला, सगळ्या गुऱ्हाळभर, इतका की उसाच्या रसाचा वास त्याखाली दबला. मग तो गेला. नुसता भाजल्याचा वास राहिला. मी समाधानाने बघत होतो. त्या वाफेबरोबर काय चाललं आहे याची मला कल्पना नव्हती.

भाजायच्या आधी त्यातली वाटीभर कच्ची माती मी एका बरणीत काढून ठेवली होती. हेतू असा की शेतकी शाळेतला माझा एक सोबती पुण्यात प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे ती पाठवावी आणि ती रोगाने भरलेली आहे हे लेखी आणावं. तात्यांना दाखवायला. भाजलेली थोडी आणि काळी पडलेली मुळंही सोबत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड झालेली माती मी स्वतः उभा राहून प्रत्येक ठिपक्यावर टाकून घेतली. पोती घातली, पाणी मारलं.

तात्या तिसऱ्या दिवशी आले. नात झाली होती, लेक सुखरूप होती. सगळ्यांना साखर वाटून ते सरळ हिरवळीवर गेले, पोतं उचललं आणि मातीत हात घातला. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"कोरडी लागती वो, सायब."

"दोन दिवस ऊन फार होतं."

त्यांनी चिमूटभर नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे किती तरी दिवस स्वतःला समजावत राहिलो. त्यांनी विचारलं नाही. हात झटकून ते म्हणाले, "वासच येत न्हाय मला. नाक बी म्हातारं झालं."

पंधरा दिवसांत ठिपके दुप्पट झाले. आधी कधी नायटा इतक्या वेगाने पसरला नव्हता. भाजलेल्या मातीत बुरशीला अडवणारं कुणीच उरलं नव्हतं. रिकाम्या घरात शिरावं तशी ती शिरली. लग्नापर्यंत बंगल्यापुढचा अर्धा भाग करडा झाला. मालकांनी त्यावर जाजमं अंथरली, आणि पाहुण्यांसमोरच तात्यांना हाक मारली.

"काय रे तात्या, जमंल म्हणाला होतास ना? हे जमलं? पोरीच्या लग्नात माझ्या दारात खरूज आणून ठेवलीस!"

पाहुणे हसले. मी चार हातांवर उभा होतो. तात्यांनी मान खाली घातली.

"चुकलं, मालक. माझंच चुकलं. माती वळखाय चुकलो."

मालकांनी त्यांना बागेतून काढलं आणि उसाला रात्रंदिवस पाणी द्यायच्या कामावर घातलं. तात्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. पण त्याच आठवड्यात एका सकाळी मी पाहिलं, ते तुळशीजवळची ती जुनी जागा खणत होते. बंगल्यामागच्या तीन ठिपक्यांसकट होती नव्हती ती सगळी माती त्यांनी पाटीने वाहून कालव्यात टाकली.

"कशाला, तात्या?"

"आजून कुणाचं वाटुळं नगं हिच्यापायी."

मी तेव्हाही बोललो नाही. आषाढ लागायच्या आत ते मळा सोडून गेले. इंदापुराकडे कुणाच्या तरी भाजीच्या रानावर आहेत, एवढं कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याहून सोबत्याचं पत्र आलं. त्यात निकाल नव्हता. एवढंच होतं की तू स्वतः ये, हे लिहून कळायचं नाही. मी बारामतीहून छोट्या गाडीने दौंडला गेलो, तिथून पुण्याला.

त्याने माझ्यापुढे दोन काचेच्या बशा ठेवल्या. दोन्हींत पारदर्शक खळीचा थर. दोन्हींच्या मधोमध त्याने हरळीच्या काळ्या मुळाचा तुकडा ठेवला होता आणि कडेने माती कालवलेल्या पाण्याचे थेंब सोडले होते. पहिली बशी भाजलेल्या मातीची. त्या मुळापासून निघालेली बुरशी काळपट कापसासारखी बशीभर पसरली होती. काठाला टेकली होती.

दुसरी बशी कच्च्या मातीची. तिच्यात मधोमध तीच बुरशी होती. पण कडेला मातीच्या थेंबांतून पिवळट, ओलसर ठिपके उगवले होते, तुपाच्या कणीएवढे. आणि बुरशी त्यांच्या अलीकडे थांबली होती. प्रत्येक ठिपक्यापुढे बोटाच्या रुंदीची स्वच्छ जागा. कुंपण नाही, भिंत नाही, काही नाही. बुरशी तिथपर्यंत येऊन आखल्यासारखी थांबली होती. ती ओलांडत नव्हती.

"कशाने थांबली?" मी विचारलं.

"हे जिवाणू आहेत. मातीतलेच. काहीतरी सोडतात ते भोवती, बुरशीला न मानवणारं. नक्की काय ते मलाही ठाऊक नाही. बघ."

त्याने त्या ठिपक्यातला कण काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात हालचाल दिसली. बारीक, काडीसारखे जीव, असंख्य, एकमेकांना ओलांडत, वळत, पोहत. मी डोळा काढला आणि पुन्हा लावला. ते होतेच. मी बघितलं नसतं तरी ते होतेच. माझ्या बापाच्या शेतात होते, आमच्या राबाच्या कडेला होते, मी ज्या हिरवळीवरून रोज वहाणा घालून जात होतो तिच्याखाली होते. त्यांच्यात आणि त्या बुरशीत झगडा चालला होता, हरळीच्या एकेका केसासारख्या मुळापाशी, अंधारात. आणि तुळशीजवळच्या त्या जागेत तो त्यांनी जिंकला होता. वीस वर्षं मी शेतीचं काम करत होतो आणि मातीला मी झाडं उभी करायची नुसती जागा समजत होतो.

"कुठून आणलीस ही माती?" सोबत्याने विचारलं. "मी शंभरदा शोधूनही असं स्वच्छ दिसलं नसतं."

"आमच्या मळ्यावर एक माळी होते. त्यांनी ओळखली."

"कशावरून?"

"वासावरून."

त्याने वही पुढे ओढली. मग म्हणाला, "मला भेटव त्यांना. अजून काढता येईल ना तिथली?"

मी म्हणालो, नाही. का नाही ते सांगितलं नाही. तिथेही नाही.

मग दोन वर्षं गेली. हे मी लपवणार नाही. त्या बशीपुढे मी थरारलो होतो, पण थरार वाटणं सोपं होतं. इंदापूरला जाणं अवघड होतं. रोज काहीतरी निघायचं: ऊस, पाणी, मुलांच्या शाळा. शेवटी बारामतीच्या बाजारात तो गुळव्या भेटला. इकडचं तिकडचं झालं आणि मी सहज विचारल्यासारखं तात्यांचं विचारलं.

"हाय की. पर रोपाला हात लावत न्हाय. गेल्या साली आमच्या मेव्हण्यानं केळी लावली, म्हणला पयला कंद तुमी ठिवा. हात मागं घेतला म्हाताऱ्यानं. म्हणला, माझा हातगुण गेला, तुमच्या रानाला कशाला बाट लावू? नुसती दारं धरतो, पानी देतो." मग तो माझ्याकडे तिरपं बघून म्हणाला, "सायब, तुमी ती माती भाजलेली त्येला ठावं हाय का वो?"

मी बाजाराची पिशवी उचलली. गुळव्याने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी इंदापूरला उतरलो आणि विचारत विचारत त्या रानावर गेलो. तात्या वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. मला पाहून फावडं टाकून पुढे आले.

"सायब! वाट चुकला म्हणायची. बसा, बसा. वैनी बऱ्या हायत्या? पोरं?"

आम्ही बांधावर बसलो. कबूल करायला गेलेला मी, आधी पुण्याची हकीकत सांगत सुटलो. बशी, बुरशी, ती मोकळी जागा, ते पोहणारे जीव. ते ऐकताना तात्यांचा चेहरा बदलत गेला.

"हलत हुते?"

"हलत होते. माझ्या डोळ्यांनी पाहिले."

"आन् तितनं म्होरं ती बुरशी येतच न्हवती?"

"नाही."

त्यांनी शेजारचं ढेकूळ उचललं आणि हळूच फोडलं. देवळात माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. "एवढूशा मातीत," ते पुटपुटले. "मी म्हणायचो कायतरी हाय, कायतरी हाय. पर जित्तं आसंल आसं न्हवतं वाटलं." मग ते थांबले. कपाळाला आठी पडली.

"मग आपली का फसली, सायब?"

आता पुण्याचं काही सांगायचं उरलं नव्हतं.

"ती माती मी भाजली होती, तात्या. तुम्ही बारामतीला गेलात त्या दिवशी. गुऱ्हाळावर, काहिलीत. तुम्हाला उन्हाचं सांगितलं ते खोटं होतं."

पाटाचं पाणी वाफा भरून बाहेर वाहायला लागलं होतं. तात्या उठले, फावड्याने दार मोडून पाणी पुढच्या वाफ्याला लावलं आणि परत आले. बसले नाहीत.

"म्या सवता खणली ती जागा," ते म्हणाले. "सवताच्या हातानं कालव्यात टाकली."

"हो."

"तुमी बगत हुता."

"हो."

"दोन वरसं मी ह्या हाताकडं बगतोय, सायब. लेक दारात तुळस लावाय बोलवती, तर जात न्हाय." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मालकाला ठावं हाय?"

"नाही."

"मला सांगून काय उपेग? मला कुठं चारचौघांनी इचारलंय? जितं माझं नाक कापलं तितं सांगा."

"चला," मी म्हणालो.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी रानवाल्याला हाक मारून पाण्यावर दुसरा माणूस लावायला सांगितलं, पाटात पाय धुतले, पटका बांधला. गाडीत आम्ही शेजारी बसलो. मळ्यावर पोचलो तेव्हा तिसरा प्रहर होता. मालक बंगल्यापुढे खुर्ची टाकून बसले होते, शेजारगावचे दोघे-तिघे बागाईतदार होते, मुलगी आणि जावई आलेले होते. हिरवळीचा बराच भाग खणून तिथे शेवंती लावली होती. तात्यांना पाहून मालक म्हणाले, "अरे, कोण? तात्या? आज कसा काय इकडं?"

"सायबांस्नी बोलायचं हाय," तात्या म्हणाले आणि बाजूला उभे राहिले.

मी वहाणा काढल्या. का काढल्या ते सांगता येणार नाही. मालकांकडे तोंड करून सुरुवात करणार होतो, पण तसं करवेना. मी तात्यांकडेच वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"तात्या, लग्नात इथे जे झालं त्यात तुमची चूक नव्हती. तुमची माती खरी होती, तुमचं नाक खरं होतं. मी तुम्हाला न विचारता ती भाजली, तिच्यातलं जिवंत होतं ते मारलं, आणि मालक तुम्हाला बोलत होते तेव्हा इथेच उभा राहून गप्प बसलो. पुण्यात खरं काय ते डोळ्यांनी पाहिलं, त्यानंतरही दोन वर्षं गप्प बसलो. तुमच्या हाताचा गुण कुठेही गेलेला नाही. तो गेला असं तुम्हाला वाटलं, ते माझ्या खोटेपणामुळे. माझं चुकलं, तात्या. मला माफ करा."